अनोळखी कोड उलगडताना: गिटच्या पहिल्या कमिटवर रिव्हर्स इंजिनिअरिंगचा सराव

कुणीतरी लिहून सोडून दिलेला, कागदपत्रं नसलेला कोड हातात आला की बहुतेक जण पहिली फाइल उघडून पहिल्या ओळीपासून वाचायला लागतात. तिसऱ्या फाइलपर्यंत पहिलीतलं काही आठवत नाही. कोड हा कादंबरीसारखा सलग वाचायचा मजकूर नव्हे. तो चालताना डिस्कवर काय ठेवतो ते आधी बघावं, ते ठेवण्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमकडे काय मागतो ते बघावं, मग तिथून आत शिरावं. रिव्हर्स इंजिनिअरिंगची, म्हणजे तयार प्रोग्रॅमवरून त्याची रचना उलगडण्याची साधनं केवळ बंद बायनरी (सोर्स कोड न दिलेले तयार प्रोग्रॅम) फोडण्यासाठी असतात हा समज म्हणूनच अर्धवट आहे. सोर्स कोड समोर असतानाही ती तितकीच कामी येतात.

सरावासाठी गिटचं, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाचं, पहिलं कमिट (बदलाची पहिली नोंद) घेऊ. लिनस टॉरवाल्ड्सने ७ एप्रिल २००५ रोजी केलेल्या या कमिटमध्ये अवघ्या ११ फाइली आणि १,२४४ ओळी आहेत, त्यातल्या १६८ ओळी एकट्या रीडमीच्या. एका शनिवार-रविवारात पुरा होईल इतका हा कोड लहान आहे, पण त्यात हॅशिंग (मजकुरावरून ठरावीक लांबीची ओळखखूण काढणं), कॉम्प्रेशन, बायनरी फाइल फॉरमॅट, ग्लोबल व्हेरिएबल आणि दोन-तीन खरे बगही आहेत.

एक सूचना आधीच. इथे सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच टंकायच्या. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

तयारी आणि कोड मिळवणं

उबुंटू किंवा डेबियन सोयीचं. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) चालतं. प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिमकडे काय मागतो ते दाखवणारं एस-ट्रेस हे साधन मॅकवर नाही, त्यामुळे तिथे व्हर्च्युअल मशीन किंवा डॉकर वापरावं. एप्टने ही पॅकेजं घ्यावीत: बिल्ड-इसेन्शियल, लिबएसएसएल-डेव्ह, झेडलिब१जी-डेव्ह, सीस्कोप, युनिव्हर्सल-सीटॅग्ज, सीफ्लो, जीडीबी, एसट्रेस, डॉक्सिजन, ग्राफविझ.

आता गिटची रिपॉझिटरी क्लोन करायची. वेळ वाचवायला अनेकजण डेप्थ १ चा पर्याय देतात, पण त्यात फक्त शेवटचं कमिट येतं आणि आपल्याला हवं आहे पहिलं. त्याऐवजी हे करावं:

गिट क्लोन --फिल्टर=ब्लॉब:नन <रिपॉझिटरीचा पत्ता>
गिट चेकआउट ई८३सी५१६३

या फिल्टरमुळे इतिहास पूर्ण येतो, फाइलींचा मजकूर मात्र लागेल तेव्हाच उतरतो. चेकआउटनंतर गिट "डिटॅच्ड हेड" असा इशारा देईल, त्याला घाबरायचं कारण नाही. एवढं लक्षात ठेवावं की आता नुसतं गिट लॉग दिलं तर एकच कमिट दिसेल. पुढचा इतिहास बघायचा तर गिट लॉग मास्टर असं ब्रँचचं नाव द्यावं लागतं.

बांधणी: इथेच निम्मे लोक सोडून देतात

नुसतं मेक दिलं तर आजच्या मशीनवर हा कोड बांधला जाणार नाही. तीन वेगवेगळ्या कारणांनी तो अडतो, आणि प्रत्येक कारण कोडबद्दल काही ना काही सांगून जातं.

पहिली अडचण लिंकरची, म्हणजे कोडचे तुकडे आणि लायब्ररी जोडणाऱ्या साधनाची. एसएचए१_अपडेट, डिफ्लेट ही फंक्शनं सापडत नाहीत अशी तक्रार येते. मेकफाइलमध्ये फक्त एसएसएल लायब्ररी लिहिलेली आहे. आज क्रिप्टो आणि झेड या दोन लायब्ररी उघडपणे सांगाव्या लागतात. म्हणजे एकही ओळ न वाचता कळलं की हा प्रोग्रॅम हॅश काढतो आणि मजकूर दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवतो.

दुसरी अडचण "मल्टिपल डेफिनिशन" ची. कॅश.एच या हेडरमध्ये ॲक्टिव्ह_कॅश, ॲक्टिव्ह_एनआर वगैरे ग्लोबल व्हेरिएबल एक्स्टर्न न लावता थेट जाहीर केली आहेत. जुनं जीसीसी (सी भाषेचा कंपायलर) अशा प्रती गुपचूप एकत्र करायचं. जीसीसी १० पासून ते बंद झालं. पर्याय: -एफकॉमन. या त्रुटीच्या संदेशात आलेली नावं वहीत उतरवून ठेवावीत. संपूर्ण प्रोग्रॅमची सामायिक स्थिती याच चार-पाच नावांत आहे.

तिसरी अडचण जीसीसी १४ आणि पुढच्यांवर येते. जाहीर न केलेलं फंक्शन बोलावणं आणि इंट परत करणाऱ्या फंक्शनात नुसतं रिटर्न लिहिणं या गोष्टी तिथे इशारा न राहता चूक ठरतात. जुन्या सी भाषेचा नियम लावला की त्या पुन्हा चालतात. सगळं मिळून कमांड अशी:

मेक सीफ्लॅग्स="-जी -ओ० -एसटीडी=जीएनयू८९ -एफकॉमन" लिब्स="-एलक्रिप्टो -एलझेड"

सीफ्लॅग्स आणि लिब्स ही नावं पूर्ण मोठ्या अक्षरांत. -ओ० मधला ओ मोठा आणि त्यापुढे शून्य, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद. ऑप्टिमायझेशन सुरू राहिलं तर डीबगरमध्ये निम्मी व्हेरिएबल "ऑप्टिमाइझ्ड आउट" दिसतील आणि लहान स्टॅटिक फंक्शनं दुसऱ्यांत विरघळून जातील. ओपनएसएसएल ३ असेल तर एसएचए१ ची फंक्शनं कालबाह्य झाल्याचे इशारे येतात. ते सोडून द्यावेत. बाकीचे इशारे मात्र जपून ठेवा, पुढे लागतील. मेक इन्स्टॉल देऊ नये, तो हे प्रोग्रॅम होम डिरेक्टरीतल्या बिनमध्ये टाकतो.

बांधणी झाली की सात प्रोग्रॅम मिळतात: इनिट-डीबी, अपडेट-कॅश, शो-डिफ, राइट-ट्री, रीड-ट्री, कमिट-ट्री आणि कॅट-फाइल. सी फाइली मात्र आठ. उरलेली रीड-कॅश.सी ही २५९ ओळींची फाइल इनिट-डीबी सोडून सगळ्यांत जोडली जाते. सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त ठिकाणी वापरलेली, तेव्हा मूळ गाभा तिथे असणार. हे सारं मेकफाइल वाचून पाच मिनिटांत कळतं.

डिस्कवर काय उमटतं

एक रिकामी डिरेक्टरी करून तिच्यात पाटी.टीएक्सटी नावाची फाइल बनवावी. एको कमांडने "नमस्कार" हा शब्द रोमनमध्ये लिहावा. आठ अक्षरं आणि शेवटची नवी ओळ मिळून फाइल नऊ बाइटची होते. आता इनिट-डीबी थेट न चालवता एस-ट्रेसखाली चालवावं:

एसट्रेस -सी -ई ट्रेस=/एमकेडिर <इनिट-डीबीचा मार्ग>

तिरकी रेघ मुद्दाम आहे. त्याने नावात एमकेडिर असलेले सगळे सिस्टिम कॉल पकडले जातात, कारण एआरएम मशीनवर त्याच कामासाठी एमकेडिरॅट हा कॉल होतो. मोजणी २५८ येते. एक .डिरकॅश, एक त्यातली ऑब्जेक्ट्स आणि तिच्या पोटात ०० ते एफएफ अशा २५६. हॅशच्या पहिल्या बाइटवरून कप्पे पाडले आहेत, हे इथेच उघड होतं. पुन्हा चालवलं तर ".डिरकॅश आधीच आहे" म्हणून तो थांबतो. प्रयोग नव्याने करताना ती डिरेक्टरी पुसावी लागते.

आता अपडेट-कॅश पाटी.टीएक्सटी. या वेळी गाळणी न लावता पूर्ण ट्रेस एका फाइलीत घ्यावा: -ओ (लहान) देऊन फाइलीचं नाव, -वाय दिलं की फाइल क्रमांकांसोबत त्यांचे मार्गही दिसतात, आणि -एस २०० दिलं की मजकूर लवकर तुटत नाही. सुरुवातीच्या तीस-चाळीस ओळी लायब्ररी लोड होण्याच्या असतात, त्या सोडाव्यात. ".डिरकॅश" हा शब्द पहिल्यांदा आला की खरी गोष्ट सुरू. क्रम असा दिसेल: ऑब्जेक्ट्स डिरेक्टरी पोचण्याजोगी आहे का याची तपासणी, इंडेक्स (नोंदींची फाइल) उघडायचा प्रयत्न आणि ती नसल्याचं उत्तर, इंडेक्स.लॉक तयार करणं, पाटी.टीएक्सटी उघडून एममॅप करणं (मेमरीत जोडून घेणं), हॅशच्या नावाची फाइल तयार करून तिच्यात लिहिणं, लॉक फाइलीत आधी ३२ आणि मग ७२ बाइट लिहिणं, आणि शेवटी रिनेमने इंडेक्स.लॉकचं इंडेक्स करणं.

कोडची एकही ओळ अजून वाचलेली नाही, तरी रचना हाती आली. लॉक, मजकूर, नोंद, नाव बदलणं. अर्धवट लिहिलेली इंडेक्स कुणाच्याही नजरेस पडू नये यासाठी शेवटचं नामांतर आहे.

तीच कमांड पुन्हा चालवून बघावी. ऑब्जेक्टची, म्हणजे हॅशच्या नावाची, फाइल उघडताना आता "ईएक्झिस्ट" (फाइल आधीच आहे) ही चूक येते आणि तरीही प्रोग्रॅम बिनबोभाट यशस्वी होतो. ट्रेस वाचायला नवशिका असलेला माणूस इथे बग सापडला म्हणून उडी मारतो. हा बग नव्हे. नावच मजकुरावरून ठरतं, त्यामुळे त्या नावाची फाइल आधीपासून असेल तर आत तोच मजकूर असणार असं मानून कोड पुढे जातो. ट्रेसमधली प्रत्येक अपयशी ओळ दोष नसते. त्या अपयशानंतर प्रोग्रॅम काय करतो ते बघून ठरवावं.

अजून एक फसगत: ./पाटी.टीएक्सटी असं दिलं तर "इग्नोरिंग पाथ" असा संदेश येतो. टिंबाने सुरू होणारा मार्गाचा कुठलाही भाग हा कोड नाकारतो.

बायनरी फाइल हाताने सोडवणं

फाइलीतले बाइट हेक्समध्ये दाखवणारी एक्सएक्सडी .डिरकॅश/इंडेक्स ही कमांड दिली की पहिले चार बाइट ४३ ५२ ४९ ४४ दिसतात, उजवीकडे अक्षरं "सीआरआयडी". कॅश.एच मध्ये मात्र खूण ४४४९५२४३ अशी आहे आणि शेजारच्या टिपणीत "डीआयआरसी". उलटं का? लिटल-एंडियन प्रोसेसर चार बाइटचा अंक मेमरीत उलट्या क्रमाने ठेवतो आणि हा कोड तो जसाच्या तसा डिस्कवर ओततो. म्हणजे या आवृत्तीची इंडेक्स फाइल वेगळ्या घडणीच्या मशीनवर वाचता येणार नाही. आजच्या गिटमध्ये तीच खूण सरळ "डीआयआरसी" दिसते, कारण पुढे नेटवर्क बाइट क्रम आला.

आता स्ट्रक्चरची मापं. जीडीबी या डीबगरमध्ये अपडेट-कॅश उघडून ही कमांड द्यावी:

पीटाइप /ओ स्ट्रक्ट कॅश_एंट्री

प्रत्येक घटक कितव्या बाइटपासून सुरू होतो ते छापून येतं. वेळेच्या दोन जोड्या १६ बाइट, मग सहा अंक २४ बाइट, ४० व्या बाइटपासून २० बाइटचा हॅश, ६० वर नावाची लांबी, ६२ वर नाव. हेडर ३२ बाइटचं आहे, त्यामुळे फाइलीत हॅश ७२ व्या बाइटपासून सापडायला हवा. एक्सएक्सडी -एस ७२ -एल २० देऊन तो काढावा आणि ऑब्जेक्ट्समधल्या फाइलीच्या नावाशी ताडून पाहावा.

नोंदीची एकूण लांबी एका मॅक्रोने ठरते: ६२ अधिक नावाची लांबी अधिक ८, आणि मग खालचे तीन बिट शून्य. नाव २ ते ९ अक्षरांचं असेल तर नोंद ७२ बाइट भरते, दहावं अक्षर आलं की ८०. पाटी.टीएक्सटी रोमनमध्ये आठ अक्षरांचं, म्हणून इंडेक्स ३२ अधिक ७२, म्हणजे १०४ बाइट. दहा अक्षरांच्या नावाची दुसरी फाइल टाकण्याआधी कागदावर १८४ लिहून ठेवावं आणि मग एलएसने बघावं. हिशेब चुकला तर समज चुकली, इतकं सरळ आहे. मॅक्रो डोळ्यांनी उलगडत बसू नये. जीसीसी -ई (मोठं ई) दिलं की प्रीप्रोसेसर सगळं उघडून दाखवतो.

स्थिर नकाशा: कोण कुणाला बोलावतं

आता कोडकडे वळायचं. सीटॅग्ज -आर आणि सीस्कोप -आर -बी चालवून सूची तयार करावी. दोन्हींतला आर मोठा. सीटॅग्जमुळे एडिटरमध्ये नावावरून व्याख्येवर उडी मारता येते. सीस्कोप त्याहून उपयोगी, कारण तो उलट प्रश्नाचं उत्तर देतो: या फंक्शनाला कोण बोलावतं? अनोळखी कोडमध्ये हा प्रश्न दहापट वेळा पडतो.

राइट_एसएचए१_बफर ला कोण बोलावतं ते विचारावं. दोन उत्तरं येतात: अपडेट-कॅश.सी मधलं इंडेक्स_एफडी आणि रीड-कॅश.सी मधलं राइट_एसएचए१_फाइल. म्हणजे डिस्कवर जायच्या वाटा दोनच. फाइलींचा मजकूर पहिल्या वाटेने जातो, ट्री (फाइलींची यादी) आणि कमिट दुसरीने. कॉम्प्रेशनचा कोड दोन्हीकडे वेगवेगळा लिहिलेला आहे. कुणी यात बदल करायला बसलं तर एकीकडे करून दुसरीकडे विसरण्याची हमखास जागा ही.

पीओपेन (शेलमार्फत दुसरी कमांड चालवणारं फंक्शन) हा शब्द शोधला की शो-डिफ.सी लागते. फाइलीचं नाव अवतरणचिन्हांशिवाय "डिफ -यू - " या ओळीला जोडून शेलकडे दिलं आहे. नावात अर्धविराम असेल तर शेल त्यापुढचा भाग वेगळी कमांड म्हणून चालवेल. हा प्रोग्रॅम एस-ट्रेसखाली बघताना -एफ द्यायला विसरू नये, नाहीतर शेल आणि डिफ या बालप्रक्रिया ट्रेसमध्ये दिसतच नाहीत.

कोणतं फंक्शन कुणाला बोलावतं त्याचं झाड काढणारं सीफ्लो वापरताना एक खड्डा आहे. त्याला सगळ्या सी फाइली एकदम दिल्या तर सात मेन फंक्शनांची सरमिसळ होऊन निरर्थक झाड तयार होतं. प्रोग्रॅमप्रमाणे द्यावं: सीफ्लो अपडेट-कॅश.सी रीड-कॅश.सी. कोडवरून कागदपत्रं आणि आकृत्या बनवणाऱ्या डॉक्सिजनचीही तीच गत. त्याच्या सेटिंगमध्ये एक्स्ट्रॅक्ट_ऑल, एक्स्ट्रॅक्ट_स्टॅटिक, हॅव_डॉट, कॉल_ग्राफ आणि कॉलर_ग्राफ या पाचांना येस करावं लागतं. मूळ सेटिंगवर ठेवलं तर टिपण्या नसलेल्या कोडमधून जवळपास काहीच हाती येत नाही. खरं सांगायचं तर एवढ्या छोट्या कोडला डॉक्सिजन म्हणजे चहाच्या कपाला हंडा. पन्नास हजार ओळींपुढे त्याची किंमत कळते. फंक्शन पॉइंटरमधून होणारे कॉल मात्र या स्थिर साधनांना नीट दिसत नाहीत. तिथे डीबगरच लागतो.

आता ते जपून ठेवलेले इशारे. -वॉल (डब्ल्यू मोठा) देऊन इनिट-डीबी पुन्हा बांधला की जीसीसी एका ओळीवर बोट ठेवतो: नकाराचं चिन्ह तुलनेच्या फक्त डाव्या बाजूला लागतं आहे. ओळीत स्टॅटच्या उत्तराला नकार देऊन ते शून्याहून लहान आहे का विचारलं आहे. नकाराचं उत्तर ० किंवा १ असतं, ते शून्याहून लहान कधीच होणार नाही. परिणामी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये धडधडीत बरोबर डिरेक्टरी दिली तरी प्रोग्रॅम ती वाईट ठरवतो आणि स्वतःची वेगळी उघडतो. चालवून खात्री करून घ्यावी, दोन मिनिटांचं काम.

जीडीबी: हॅश नक्की कशाचा?

आता गाभ्याचा प्रश्न. आजचं गिट मूळ मजकुराचा हॅश काढतं आणि मग तो दाबून ठेवतं. इथेही तसंच असेल असं गृहीत धरणं सोपं आहे. नव्या गिटने गिट हॅश-ऑब्जेक्ट पाटी.टीएक्सटी देऊन बघावं: उत्तर जुन्या ऑब्जेक्टच्या नावाशी जुळत नाही. का?

.डिरकॅश पुसून इनिट-डीबी पुन्हा चालवावं आणि मग:

जीडीबी --आर्ग्ज <अपडेट-कॅशचा मार्ग> पाटी.टीएक्सटी
ब्रेक इंडेक्स_एफडी
रन

लेआउट एसआरसी दिलं की वरच्या अर्ध्या पडद्यावर कोड दिसतो. नेक्स्ट देत एसएचए१_अपडेटच्या ओळीपर्यंत यावं आणि तिथे आउट या बफरचे पहिले दोन बाइट मागावेत: एक्स/२एक्सबी आउट. उत्तर ७८ आणि डीए. ही झेडलिबची सर्वोच्च कॉम्प्रेशनची ओळखखूण आहे. म्हणजे या आवृत्तीत हॅश दाबलेल्या बाइटांचा निघतो.

पडताळा डीबगरबाहेरही घेता येतो. कंटिन्यू देऊन प्रोग्रॅम पुरा होऊ द्यावा आणि ऑब्जेक्टच्या फाइलीवर एसएचए१सम चालवावं. निघालेली ४० अक्षरं म्हणजे त्याच फाइलीच्या डिरेक्टरीचं आणि फाइलीचं नाव मिळून झालेलं नाव. मग पायथनच्या झेडलिबने फाइल उघडावी: "ब्लॉब ९", एक शून्य बाइट आणि पुढे आपला नऊ बाइटचा मजकूर, एकूण १६ बाइट. कॅट-फाइलकडून मात्र नावावरून अपेक्षा ठेवू नये. तो मजकूर पडद्यावर दाखवत नाही, टेंप_गिट_फाइल_ ने सुरू होणारी फाइल बनवतो आणि तिचं नाव छापतो.

डीबगर मध्येच क्विट करून सोडला तर पुढच्या वेळी "अनेबल टू क्रिएट न्यू कॅशफाइल: फाइल एक्झिस्ट्स" येतं. लॉक फाइल मागे राहिली, एवढंच. ती पुसली की काम सुरू.

ग्लोबल व्हेरिएबल कोण बदलतं हे शोधायला वॉचपॉइंट उत्तम. ब्रेक मेन, रन, मग वॉच ॲक्टिव्ह_एनआर आणि कंटिन्यू. रिकाम्या कॅशवर तो नवी नोंद घालताना थांबेल. इंडेक्स आधीपासून असेल तर पहिल्यांदा रीड_कॅशमध्येच थांबेल. सीस्कोप "कुठे बदलू शकतं" ते सांगतो, वॉचपॉइंट "आत्ता कुठे बदललं" ते.

सोर्स असूनही घिड्रा

घिड्रा हे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने मार्च २०१९ मध्ये मोफत खुलं केलेलं डीकंपायलर. ११.२ आवृत्तीपासून त्याला जेडीके २१ लागतं. सोर्स असताना ते चालवण्याचा फायदा असा की कंपायलरने त्या कोडचं प्रत्यक्षात काय केलं ते दिसतं, आणि पुढे कधी निव्वळ बायनरीच हाती आली तर नजर तयार झालेली असते. उत्तरपत्रिका शेजारी ठेवून गणितं सोडवण्यासारखं.

इनिट-डीबी -ओ२ देऊन वेगळा बांधावा, स्ट्रिपने त्यातली नावं काढावीत आणि घिड्रात आणून विश्लेषण चालवावं. नावं गेल्यामुळे मेन सापडणार नाही. एंट्रीमध्ये जावं. तिथे लिबसी_स्टार्ट_मेनला दिलेला पहिला आर्ग्युमेंट म्हणजे मेन. त्यावर एल दाबून नाव द्यावं. मग स्टॅटचा कॉल शोधावा. कॉल आहे, पण उत्तर कुठेच वापरलेलं नाही आणि डिरेक्टरी आहे का ही तपासणी गायब. कधीच खरी न होणारी अट कंपायलरने पुसून टाकली. जो बग सोर्समध्ये नजरेतून निसटतो तो इथे ठळक दिसतो.

अपडेट-कॅशसाठी कॅश.एच पूर्ण आयात करायला जाऊ नये, ओपनएसएसएलच्या हेडरांवर पार्सर अडखळतो. फक्त स्ट्रक्चरचा भाग वेगळ्या फाइलीत काढून "पार्स सी सोर्स" ला द्यावा आणि योग्य पॉइंटरवर कंट्रोल-एलने तो प्रकार लावावा. अंक अधिक ४० असं दिसणाऱ्या जागी एकदम एसएचए१ हे नाव उमटतं.

पत्ते जुळवताना सगळे एकदा तरी फसतात. आजच्या बहुतेक बायनरी पीआयई, म्हणजे मेमरीत कुठेही मांडता येणाऱ्या, असतात. घिड्रा त्यांना हेक्समधल्या १००००० या पत्त्यावर मांडतो, जीडीबीखाली त्या सहसा ५५५५५५५५४००० पासून सुरू होतात. घिड्रातल्या पत्त्यातून त्याचा पाया वजा करून जीडीबीचा पाया मिळवावा. दुसऱ्याची बंद बायनरी उघडायची असेल तर परवान्याची अट आधी वाचावी. भारतात कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये इंटरऑपरेबिलिटीसाठी आणि कार्यपद्धतीच्या अभ्यासासाठी मर्यादित सवलती आहेत, सरसकट मुभा नाही.

इतिहासाला विचारणं

"असं का लिहिलं?" याचं उत्तर कोडमध्ये क्वचितच असतं. कमिटमध्ये असतं.

गिट लॉग मास्टर --रिव्हर्स --अनटिल=२००५-०५-०१ -जी"एसएचए१_अपडेट"

इथे जी मोठा. मोठा एस वापरला तर शब्दाची संख्या बदललेली कमिटंच सापडतात. ओळ फक्त हलवली किंवा तिच्यातलं बाकीचं बदललं तर ती निसटतात, म्हणून जी. यादीत २० एप्रिल २००५ चं कमिट सापडतं: हॅश कॉम्प्रेशनच्या आधी काढायला सुरुवात, सोबत जुने ऑब्जेक्ट बदलून देणारा कन्व्हर्ट-कॅश प्रोग्रॅम. फॉरमॅट तेरा दिवसांत बदलला. दाबलेल्या बाइटांचा हॅश घेतला की कॉम्प्रेशनची पातळी बदलताच त्याच मजकुराचं नाव बदलतं. पातळी १ आणि ९ देऊन हे स्वतः करून बघता येतं.

रीडमीकडे आता यावं, आधी नव्हे. त्यात "चेंजसेट" असा शब्द आहे, पण कमिट-ट्री डिस्कवर "कमिट" असं लिहितो. कागदपत्रं आणि कोड यांत फरक पडला तर डिस्कवरचे बाइट खरे.

बदल करून परीक्षा

टच कमांडने एक रिकामी फाइल बनवून अपडेट-कॅशला द्यावी. "अनेबल टू ॲड" असा संदेश येतो. एस-ट्रेसमध्ये शून्य लांबीचा एममॅप ईआयएनव्हीएएल (चुकीचं आर्ग्युमेंट) देऊन अपयशी ठरलेला दिसतो. हा कोड लिहिला गेला तेव्हाच्या लिनक्सवर असा कॉल यशस्वी होत असे. शून्य लांबी नाकारायला कर्नल २.६.१२ पासून सुरुवात झाली आणि ती आवृत्ती जून २००५ मध्ये आली. कोड तोच राहिला, त्याच्याखालची जमीन सरकली.

दुरुस्ती इंडेक्स_एफडी मध्ये: आकार शून्य असेल तर एममॅप न करता इन या पॉइंटरला रिकाम्या स्ट्रिंगचा पत्ता द्यायचा. बांधण्याआधी अपेक्षा लिहून काढाव्यात. एममॅपची ती अपयशी ओळ ट्रेसमधून जाईल. ऑब्जेक्ट उघडल्यावर "ब्लॉब ०" आणि शून्य बाइट, एकूण ७ बाइट निघतील. नऊ अक्षरांपर्यंतचं नाव असेल आणि कॅश नवी असेल तर इंडेक्स १०४ बाइटची होईल. कॅट-फाइल "ब्लॉब" असं सांगून शून्य बाइटची फाइल बनवेल. चारपैकी एखादी चुकली तर त्या वाटेवर सीस्कोप आणि जीडीबी घेऊन पुन्हा जायचं.